फ्रेममधली सिस्टर

आमच्या शेलार गावात मला नोकरी लागायच्या आधीच सगळे सिस्टर म्हणायला लागले होते. नर्सिंगचा रिझल्ट लागला त्याच आठवड्यात शेजारच्या काकू त्यांचा गुडघा घेऊन आल्या, मागोमाग कुणाचा तरी खोकला आला, आणि एक आजोबा तर सरळ शर्टाची बाही वर करून आमच्या ओट्यावर बसले. "शक्तीची सुई दे गो सिस्टर," म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मला सुई देता येत नाही. ते उठले, बाही खाली केली आणि जाताना बाबांना म्हणाले, "तुजी पोरगी शिकली, पन तिला सुई न्हाय येत." मी हसण्यावारी नेलं. तेव्हा माझ्यात हसायची ताकद होती.

बाबा भिवंडीतल्या एका शाळेत शिपाई. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेले, त्यामुळे कागदाचा त्यांना फार आदर. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट घरी आलं तेव्हा त्यांनी ते हात धुऊन हातात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला न विचारता मंडईजवळच्या फ्रेमवाल्याकडे नेलं. सोनेरी पट्टीची फ्रेम. आईनं विहाराच्या अंगणातल्या पिंपळाचं एक पान वहीत दाबून ठेवलं होतं, तेही काचेखाली कोपऱ्यात बसवून घेतलं. मी चिडले. म्हटलं, बाबा, ओरिजिनल कुणी फ्रेम करतं का? मुलाखतीला दाखवावं लागतं. "झेरॉक्स ने," बाबा म्हणाले. संध्याकाळी मेणबत्ती लावून वंदना झाली आणि फ्रेम बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला लागली. आमच्या घरात भिंतीवर गेलेली गोष्ट पक्की झालेली असते. लग्नाचा फोटो, बाबांचं पंचवीस वर्षांच्या सेवेचं मानपत्र, आणि आता मी. आईच्या मते त्या दिवशी मला नोकरी लागली होती, फक्त पत्ता कळायचा बाकी होता.

तो पत्ता शोधत मी आठ महिने फिरले. भिवंडीत दवाखान्यांना तोटा नाही. खाली कापडाचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर हॉस्पिटल, मागच्या गल्लीतून लूमची खटखट. काउंटरवरच्या माणसाला मी झेरॉक्स द्यायची, तो ती उलटीसुलटी बघायचा आणि विचारायचा, "एक्सपीरियन्स कितना है?" नाही म्हटलं की झेरॉक्स परत. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, तुम्ही सगळेच एक्सपीरियन्स मागताय, मग तो मिळतो कुठं, मेडिकलवर? त्यानं माझी झेरॉक्स परतही दिली नाही, नुसता ड्रॉवर बंद केला. ठाण्याच्या मोठ्या हॉस्पिटलांत भाषा गोड होती, अर्थ तोच. दोन वर्षं कुठेतरी करून या, मग बघू.

खरं कारण मला एका दवाखान्यातल्या बाईंनी तोंडावर सांगितलं. "आमच्याकडे दहावीपर्यंत शिकलेल्या मुली आहेत. वर्षभरात सगळं शिकतात. सुई लावतात, ड्रेसिंग करतात, वेळ पडली तर लादीही पुसतात. तू पुसशील का?" मी घरी येऊन त्या मुलींना नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले. आम्ही तीन वर्षं पुस्तकं पाठ केली, वॉर्डात उभं राहून पाय सुजवले, आणि या पांढरा कोट घालून सिस्टर होतात! आई भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांनाबी पोट हाय." मला ते ऐकायचं नव्हतं.

मग बाकीचे सल्ले सुरू झाले. दिघाशीची मावशी म्हणाली, पोलीस भरतीचं बघ, उंची चांगली हाय तुजी. चार सकाळी मैदानावर धावले, पाचव्या दिवशी घोटा मुरगळला, तो प्रश्न मिटला. माझ्याबरोबरची एक मैत्रीण इन्शुरन्सवाल्यांकडे फोनवर बसायला लागली होती. ती म्हणाली, इंग्लिश थोडं सुधार, एसीत बसायला मिळतं. दुसरीनं पार्लरचा कोर्स धरला होता. माझ्या भुवयांकडे बघून तिला माझ्याबद्दल जास्तच काळजी वाटली. काकूंनी तर स्थळच आणलं. मुलगा रेल्वेत, आणि त्यांना "नर्स चालेल, पण नोकरी करणारी नको." मी विचारलं, मग नर्स कशाला हवी? काकू म्हणाल्या, सासूला शुगर आहे.

शेवटी गोदामात लागले. आमच्याकडच्या निम्म्या मुली गोदामातच जातात; नाक्यावर सकाळी बस येते, ओळखपत्र गळ्यात घालायचं आणि बसायचं. माझं काम स्कॅनिंगचं. सरकत्या पट्ट्यावरून खोकी येत राहतात, तुम्ही मशीन दाखवायचं, टिक् वाजलं की पुढे ढकलायचं. चौथ्या दिवशी सुपरवायझरला कळलं की मी नर्स आहे. त्यानं मोठ्या सन्मानानं प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली माझ्याकडे दिली. पेटीत कापसाचा एक बोळा, मुदत संपलेलं मलम आणि कुणाचं तरी कंगव्याचं पाकीट. एकदा पट्ट्यावरून बीपी मोजायची मशीनं आली, एकामागून एक. मी ती स्कॅन करून पुढे ढकलली. त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की हे असंच बरं आहे. रोज नकार ऐकण्यापेक्षा टिक् ऐकलेलं बरं.

आणि तेव्हाच फोन आला. मी महिन्याभरापूर्वी जिथे अर्ज देऊन विसरले होते, त्या एका लहान हॉस्पिटलातून. "ओरिजिनल सर्टिफिकेट घेऊन उद्या या," तिथल्या मॅडम म्हणाल्या. हॉस्पिटल डॉक्टरांचं, कारभार मॅडमचा. मी जरा ओशाळून सांगितलं की ओरिजिनल फ्रेम केलेलं आहे, काढून आणते. "काढू नका, काढू नका," त्या घाईनं म्हणाल्या. "फ्रेमसकटच आणा. छान झालं."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आम्ही फ्रेमला मान देणारी माणसं. मला वाटलं, मॅडमही तसल्याच. बाबांनी खिळ्यावरून फ्रेम उतरवली, आईनं तिच्या चांगल्या साडीत गुंडाळली, आणि शेअर रिक्षात मी ती नवरीसारखी मांडीवर घेऊन बसले. मॅडमनी चहा दिला. जॉइनिंगच्या फॉर्मवर सही घेतली. फ्रेम स्वतःच्या हातानं कपाटावर उभी करून ठेवली. "पुढच्या आठवड्यात फोन करते हं बेटा," म्हणाल्या. मी दुसऱ्याच दिवशी गोदामात ओळखपत्र आणि पेटीची किल्ली जमा केली. बाबांनी शाळेत पेढे वाटले. आईनं पांढऱ्या ड्रेसला इस्त्री करून तो हँगरला लावला.

आठवडा गेला. दुसरा गेला. फोन केला की मॅडम म्हणायच्या, अगं, जरा वेळ लागतोय. इस्त्रीच्या घडीवर धूळ बसली, आईनं पुन्हा धुऊन पुन्हा इस्त्री केली. शेजारी विचारायचे, ड्युटी कधीची? मी म्हणायचे, अजून शिफ्ट ठरली नाही. खोटं बोलायचाही कंटाळा येतो माणसाला. पाचव्या आठवड्यात तर मी दुपारची दार लावून झोपून राहायला लागले, कुणी विचारायला नको म्हणून.

त्याच आठवड्यात आई आजारी पडली. ताप, उलट्या, दोन दिवस पोटात काही ठरेना. डोळे खोल गेले, जीभ कोरडी. मी म्हटलं सरकारी दवाखान्यात जाऊ. आईच्या अंगात उभं राहायचं त्राण नव्हतं, पण हट्ट होता. "माज्या पोरीचं हॉस्पिटल असताना मी दुसरीकडं कशाला जाऊ?" रिक्षा तिकडेच नेली.

काउंटरसमोरच्या बाकावर मी आईला टेकवून बसवलं. ती डोळे मिटून होती. डोळे उघडले, समोर बघितलं, आणि एवढ्या तापात तिचा चेहरा फुलला.

"आपली फ्रेम हाय ती. बघ, पान पन दिसतंय."

काउंटरच्या मागे, तपासणीच्या वेळांच्या बोर्डाशेजारी, मी भिंतीवर होते. सोनेरी पट्टी, माझा फोटो, माझा नंबर, कोपऱ्यात पिंपळाचं पान. काच लख्ख पुसलेली. पाच आठवडे मी घरात तोंड लपवून बसले होते आणि इथं मी रोज ड्युटीवर होते.

आतून एक सिस्टर आल्या. चाळिशीच्या, डोक्यावर ओढणी, वरून पांढरा कोट. सगळे त्यांना आपा म्हणत होते. त्यांनी आईची नाडी बघितली, कातडी चिमटीत धरून सोडली, डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टरांनी सलाईन लिहून दिलं. आईला खाटेवर झोपवताना ती आपांना म्हणाली, "ही माजी पोरगी. बाहेर भिंतीवर हाय ती."

आपा थांबल्या. माझ्याकडे बघितलं, मग दाराबाहेर काउंटरच्या दिशेनं, मग परत माझ्याकडे. "तू है वो?" म्हणाल्या. "रोज तेरी फ्रेम पोंछती हूँ मैं. फोटो में मोटी दिखती है." आणि रबरी पट्टी, कापूस, सुई असा सगळा ट्रे माझ्यासमोर धरला. "तू ही लगा. तेरी अम्मी है, और तू तो पढ़ी-लिखी है."

त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी पट्टी बांधली. शीर दिसत नव्हती. पाणी कमी झालेल्या माणसाच्या शिरा आत बसतात, हे मला परीक्षेत आलं होतं, मी त्यावर पूर्ण मार्क घेतले होते. बोटांनी चाचपलं. पूर्वी बोटांना कळायचं. आता बोटांना फक्त खोकी कळत होती. सुई घातली, रक्त आलं नाही. दुसऱ्यांदा जरा वर घातली. शीर फुटली, कातडीखाली निळं टेंगूळ आलं. "व्हईल गो," आई म्हणाली, "घाई कशाला?"

आपांनी मला हलकेच बाजूला केलं. दुसरा हात घेतला, तळव्यानं दोनदा चोळला, पट्टीसुद्धा घट्ट बांधली नाही. डोळे कुठेतरी भिंतीकडे. सुई गेली, रक्त आलं, सलाईन सुरू. खाटेच्या कडेला मी उभी होते आणि मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. शेलारचे ते आजोबा बरोबर बोलले होते.

थेंब पडायला लागले तेव्हा आपांनी सगळं सांगितलं, अगदी सहज, जसं कुणी पावसापाण्याचं सांगतं. हॉस्पिटलचा परवाना नवा करायचा होता. त्यासाठी शिकलेली, नोंदणी असलेली नर्स दाखवावी लागते. तपासणीला माणसं आली, फ्रेम बघितली, विचारलं ही सिस्टर कुठे आहे? मॅडम म्हणाल्या, ड्युटी संपवून आत्ताच घरी गेली. "मैं उधर ही खड़ी थी, पोछा लेके," आपा म्हणाल्या. "ग्यारह साल हो गए मुझे. जब चेकिंग आती है, मैं कोट उतार के पोछा पकड़ लेती हूँ." त्या हसल्या. मला हसू आलं नाही. या बाईला मी इतके महिने, न बघता, अडाणी म्हणत आले होते.

मॅडम आल्या तेव्हा मी तयार होते भांडायला. त्यांनी भांडणच होऊ दिलं नाही. खुर्ची ओढून जवळ बसल्या, आईच्या कपाळाला हात लावला. "अगं, मीच फोन करणार होते. फ्रेम इथं राहू दे, दर महिन्याला तुला घरपोच काहीतरी देत जाऊ. तू गोदामात जा, दुसरं काही शीक, लग्न कर. तुला कुणी अडवणार नाही."

खरं सांगते, मला तो विचार एकदम झिडकारता आला नाही. मी फार दमले होते. कागदानं नोकरी करावी, मी खोकी ढकलावीत, घरात कुणाला काही सांगायला नको. भिंतीवर तर मी होतेच. पण आईच्या हातावरचं निळं टेंगूळ समोर दिसत होतं. अजून एक वर्ष असं गेलं तर मला कुणालाच सुई लावता येणार नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि इथं काही उलटसुलट झालं तर विचारणार कुणाला? भिंतीवरच्या नावालाच.

"मला काम द्या," मी म्हटलं. "फॉर्मवर सही घेतलीय ना तुम्ही? मग ड्युटी लावा. फ्रेम राहील, मीही राहीन."

मॅडमनी मान हलवली. "दोघींचा पगार मला जमणार नाही. तू आलीस तर आपाला घरी पाठवावं लागेल. तू म्हणशील तसं. सांग."

आपा ट्रे आवरत होत्या. त्यांना ऐकू गेलं होतं. त्यांनी मान वर केली नाही, फक्त कापसाचा बोळा उचलायला जरा जास्त वेळ लावला.

'चालेल' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी संत नाही. आठ महिने मी ज्या नोकरीसाठी वणवण केली ती एका शब्दाच्या अंतरावर होती, आणि कायद्यानं ती माझीच होती. पण माझ्या आईच्या अंगात पाणी जात होतं ते या बाईच्या हातानं. माझ्या तोंडून तो शब्द फुटला नाही. आजही मला त्याचा राग येतो, आणि आजही मी तेच करीन.

"मग माझी फ्रेम द्या," मी म्हटलं. "आत्ता."

मॅडमचा आवाज एकदम बदलला. "दे गं आपा काढून. कागद घेऊन फिरणाऱ्या अजून दहा मिळतील." आपांनी स्टूल ओढलं, वर चढून फ्रेम उतरवली, सवयीनं ओढणीच्या टोकानं एकदा काच पुसली आणि सलाईनच्या रिकाम्या खोक्यात घालून माझ्या हातात दिली. "सुन," दारापाशी हळूच म्हणाल्या, "घर में मत बैठ. तेरे हाथ सब भूल जाएँगे."

दुसऱ्या दिवशी आईला घरी आणलं. बाबा हातोडी घेऊन खिळ्यापाशी उभे. मी म्हटलं, नको. टेबलावर फ्रेम उलटी केली, मागचे बारीक खिळे काढले आणि सर्टिफिकेट बाहेर घेतलं. फाइलची पिशवी बाबांनीच शोधून आणली. पान आईनं परत वहीत ठेवलं.

आईला बघायला बायका यायच्या. तिच्या एका हातावर आपांच्या सुईचा बारीक ठिपका, नीट शोधला तरच दिसेल असा. दुसऱ्या हातावर माझे दोन डाग, निळे, मग हिरवट, मग पिवळे होत गेलेले. आई तो हात पुढे करायची. "माज्या पोरीनं सुई लावली," सांगायची. एका काकूंनी बघून म्हटलं, चुकलेली दिसतेय. "चुकली न्हाय गो, शिकतेय ती," आई म्हणाली आणि पदर हातावर ओढला.

पुढच्या सोमवारी मला आणखी एका ठिकाणी मुलाखतीला जायचं होतं. जायचं मन नव्हतं. तेच काउंटर, तोच प्रश्न. आईनं डबा दिला, दारापर्यंत आली. "इचारलं, किती पेशंट केले, तर सांग," ती म्हणाली, "एक केलाय. बराबी झालाय." मी हसले, आणि रिक्षात बसल्यावर भिवंडी येईपर्यंत रडले. शेजारच्या बाईनं मला सरकून जागा दिली.

टेबलापलीकडे एक वयस्कर मेट्रन होत्या. फाइलमधून मी ओरिजिनल काढून समोर ठेवलं. फ्रेमच्या पट्टीची पिवळी रेघ कागदाच्या चारी बाजूंनी उमटली होती. त्यांनी ते वाचलं आणि वर न बघताच विचारलं, "अनुभव?"

"एक पेशंट," मी म्हटलं. "माझी आई. दोनदा चुकले. मग दुसऱ्या सिस्टरनी लावली."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा टेबलापलीकडच्या कुणीतरी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"हात बघू," त्या म्हणाल्या.

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले.